दोन दगडांची शर्यत

देवासच्या माणसाला दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यातली उजवी कुठली हे ठरवल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. त्यात त्याचा तरी काय दोष? गावच तसं. एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन दरबार, दोन तुरुंग, दोन बँड. रस्त्याची ही कड थोरलीची, तर समोरची धाकटीची. टेकडीवर माताजीसुद्धा दोन. अठ्ठेचाळीस साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, दरबार उठले, बँडवाले लग्नाच्या वराती वाजवू लागले, पण जन्माची खोड जाते होय? कुणाचा हत्ती मोठा हे भांडायला हत्ती राहिले नाहीत, तेव्हा लोक ड्रायव्हरांवर आले.

ड्रायव्हर दोन. धाकट्या पातीतला खंडोजी घाडगे आणि थोरल्या पातीतला गणपत शेलार. दोघांबद्दल गावात एक वाक्य पक्कं झालं होतं, आणि मोटार स्टँडवरचं शेंबडं पोरही ते म्हणून दाखवी. पाण्यात खंडोजी, कोरड्यात गणपत. म्हणजे पावसापाण्यात गाडी हाकावी ती खंडोजीनं, आणि उन्हाळ्यात धुरळा उडवत न्यावी ती गणपतनं. ऐकायला किती गोड वाक्य! त्या वाक्याखाली एक माणूस दबून गेला आणि दुसरा वाहून वाहून थकला, याची गावाला काय पडली होती.

थकलेला तो खंडोजी. छप्पन साली त्याची पन्नाशी उलटली होती. विलीनीकरणानंतर दोघंही एका शेटजीच्या मोटार सर्व्हिसमध्ये लागले. देवासहून खातेगांव आणि पुढे नर्मदाकाठच्या नेमावरपर्यंत शेटजीच्या दोन बसगाड्या जात. आठ महिने दोन्ही गाड्या चालत. चौमासा लागला की रस्त्याच्या काळ्या मातीचा चिकण होई, आणि शेटजी एक गाडी शेडमध्ये लावून एकच चालवी. मग एक ड्रायव्हर कामावर राही आणि दुसरा चार महिने घरी बसे, बिनपगारी. कोण राहणार आणि कोण बसणार हे ठरवायला शेटजीला विचारच करावा लागत नसे. वाक्य तयारच होतं.

असे आठ चौमासे झाले. आठही वेळा खंडोजी स्टिअरिंगवर आणि गणपत घरी. गणपत घरी बसून खाटा विणी, सायकलींचे पंक्चर काढी, लोकांच्या विहिरींचे रहाट दुरुस्त करी. त्याची बायको यमुना गेली तीही अशाच एका श्रावणात. तेव्हा खंडोजी खातेगांवच्या वाटेवर लोहारद्याच्या बाजूला चिखलात गाडी रुतून दोन दिवस अडकला होता. खांदा द्यायलाही त्याला पोचता आलं नाही.

आणि खंडोजीचं सुख काय विचारता? टायरला सुंभ गुंडाळायचा, चढावर सुंभ तुटला की चिखलात उतरून पुन्हा गुंडाळायचा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून धरून उजवा खांदा असा धरला होता की सकाळी सदऱ्याची बाही बायकोला, रुक्मिणीला, ओढून द्यावी लागे. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, त्यांना ती रोज तेल-हळद लावी. तीच एकदा म्हणाली होती, सांगा ना शेटजीला, यंदा गणपतभावजींना द्या म्हणावं.  बोलणं एवढंच होतं, पण ते बोलायचं तर खंडोजीच्या पोटातली दुसरी गोष्टही बाहेर काढावी लागली असती. नाव गेलं की चौमासा गेला, आणि चौमासा गेला की चार महिन्यांची भाकरी गेली. म्हणून तो गप्प. अठरा वर्षं गप्प.

ती गोष्ट अशी.

खंडोजी मूळचा धारचा. बाप तिथल्या पागेत घोडे चोळायचा. पोरगा मोटारीच्या नादाला लागला आणि देवासला धाकट्या पातीतल्या सरदार विश्वासरावांकडे आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाला. तिकडे थोरल्या पातीतले सरदार उदाजीराव, त्यांच्याकडे गणपत. अडतीस साली कुणाच्यातरी पंगतीत विडा खाता खाता दोघा सरदारांची जुंपली की कुणाची मोटार जोरदार. शर्यत ठरली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी माताजींच्या टेकडीपासून निघायचं, नऊ मैलांवरच्या चिंचेला वळसा घालून परत यायचं. जो आधी टेकडीला येईल तो जिंकला. धारहूनसुद्धा पाहुणे आले होते बघायला.

आश्विनात पाऊस कशाला येतो, पण आला. गाड्या चिंचेपाशी पोचेतो आभाळ फाटलं. परतीच्या वाटेवर काळ्या मातीची लापशी झाली, आणि त्या लापशीत खंडोजीची गाडी म्हैस बसावी तशी बसू लागली. आता ही गोष्ट नीट ऐका. गणपत त्याच्या पुढे होता. चांगला अर्धा मैल पुढे. खंडोजीला त्याची चाकोरी दिसत होती, सरळ, सुतात ओढल्यासारखी. स्वतःची मागे वळून बघायची त्याची छाती नव्हती.

टेकडीच्या सात मैल अलीकडे एक नाला होता आणि नाल्यावर रपटा. रपटा म्हणजे नाल्याच्या तळाशी बांधलेली फरसबंदी वाट. पाणी कमी असलं की तिच्यावरून गाडी जाते, वाढलं की वाट पाण्याखाली. त्या रपट्यापाशी पाण्याचा अंदाज यावा म्हणून दगड रोवलेले होते. एक दगड? छे, देवास आहे हे! दोन दगड. देवासहून जाताना उजवीकडे थोरल्या पातीचा, डावीकडे धाकट्या पातीचा, दोन्हींवर आपापली तांबडी रेघ. रेघेला पाणी लागलं की आपल्या पातीच्या गाडीनं पाण्यात शिरायचं नाही, हा हुकूम. पण दोन्ही रेघा एका उंचीवर नव्हत्या. थोरल्या पातीचा एक कारकून मागे टांग्यासकट वाहून गेला होता, तेव्हापासून त्यांनी आपली रेघ वीतभर खाली घेतली होती. धाकट्यांचा कारकून वाहून गेला नव्हता, त्यांची रेघ होती तिथेच राहिली.

त्या दिवशी पाणी होतं दोन रेघांच्या मधे.

गणपतनं आपल्या दगडाकडे पाहिलं आणि गाडी थांबवली. हुकमाचा ताबेदार. मागून खंडोजी आला, त्यानं आपल्या दगडाकडे पाहिलं, रेघ कोरडी होती. त्यानं गाडी पाण्यात घातली. पाण्यात त्याला काही दिसत नव्हतं. रपट्याची कड कुठे, फरशी कुठे, काही नाही. मधे तर त्यानं डोळेच मिटले. उघडले तेव्हा पुढची चाकं पलीकडे चढत होती.

झालं! जरीचा फेटा, बत्तासे, ढोल. गणपत दोन घटका उशिरा आला. उदाजीराव त्याला वाकडं बोलले नाहीत, हुकूम पाळला म्हणाले; पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? त्याच संध्याकाळी ते वाक्य जन्माला आलं. हुन्नर कुणाची कुणाशी ताडून पाहिली गावानं? एका दगडाची दुसऱ्या दगडाशी. हे खंडोजीला ठाऊक होतं. जरीचा फेटा डोक्यावर होता तेव्हाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी तरुण होता, फेटा नवा होता, आणि मग एकदा नाही बोललं की दुसऱ्या दिवशी बोलणं अधिक जड जातं.

तर छप्पन साल. पितृपक्ष आला तरी पाऊस जायचं नाव घेईना. अविधवा नवमीला गणपतला यमुनेचं करायला नेमावरला जायचं होतं, पण त्या दिवशी नाल्यांना पूर होते, बस सुटलीच नाही. म्हणून तो सर्वपित्री अमावास्येला निघाला. पहाटे स्टँडवर गाडी भरली. तर्पणाला जाणारे म्हातारे, पितळी तांबे, काळ्या तिळांच्या पुरचुंड्या, दर्भाच्या जुड्या. गणपत तिकीट काढून खंडोजीच्या मागच्या बाकावर येऊन बसला. दोघांनी एकमेकांना राम राम केला. त्यापलीकडे अठरा वर्षांत त्यांच्यात फारसं बोलणं झालेलंच नव्हतं. भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर बरं झालं असतं.

गाडी रपट्यापाशी आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. पाणी वरून चाललं होतं, गढूळ, चहासारखं. थोरल्या पातीचा दगड कधीच नाहीसा झाला होता. मागे एका पुरात तो पडला आणि जवळच्या वाडीतल्या बायकांनी धुणं धुवायला नेला. धाकट्या पातीचा मात्र उभा होता. आठ चौमासे खंडोजी त्याच्याचकडे बघून गाडी घालत आला होता. आजही बघितलं. रेघ कोरडी. पाणी तिच्याखाली चांगलं चार बोटं. त्यानं पहिला गेअर टाकला, रेस दिली, पुढची चाकं पाण्यात उतरली.

मागून गणपत बोलला. आवाज न चढवता, शेजारच्याला वेळ सांगावी तसा.

"खंडू, तो दगड जागेवर नाही."

खंडोजीनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. त्यानं खिडकीतून पुन्हा पाहिलं. दगड तोच, रेघ तीच, पण तो ज्या बाभळीच्या डाव्या अंगाला असायचा ती बाभूळ आता त्याच्या खाली होती. नवमीच्या पुरात पडलेला दगड वाडीच्या लोकांनी पुण्य म्हणून पुन्हा उभा केला होता, कुठे होता ते कुणाच्या ध्यानात असणार! चढावर, दोन-तीन हात वर रोवून टाकला. रेघ कोरडी राहणारच. पाणी कमरेला लागलं असतं तरी ती कोरडीच राहिली असती.

कंडक्टर संताजी पुढे आला. काय झालं उस्ताद, म्हणाला. मागून गलका सुरू झाला. दुपारच्या आत तर्पण व्हायला हवं होतं. एक खातेगांवचा व्यापारी म्हणाला, अरे भिया, अरे भाई, चलाओ ना, तुम्ही तर पाण्यातले आहात, शर्यतीत हाच तर रपटा मारला होता तुम्ही! त्यावर सगळी गाडी हसली, कौतुकानं हसली. एका म्हातारीनं तर हात जोडून सांगितलं की बाबा, तुझ्या भरवशावरच बसले आहे.

खंडोजीला त्या क्षणी भीती वाटली नाही. त्याला फार थकवा आला. हात स्टिअरिंगवरून आपोआप खाली मांडीवर पडले. दगड नसला तर पाणी किती आहे हे आपल्याला सांगता येत नाही, ही साधी गोष्ट पहिल्यांदाच त्याच्यासमोर उघडी बसली होती. आठ चौमासे त्यानं पाणी पाहिलंच नव्हतं, रेघ पाहिली होती. घालावी का गाडी तशीच? डोळे मिटून? एकदा साधलं होतं. पण तेव्हा गाडीत तो एकटा होता.

तो गाडी मागे घेऊन काठावर आला, इंजिन बंद केलं आणि उठून मागे वळला.

"मला पाणी ओळखता येत नाही," तो म्हणाला. "शर्यतीच्या दिवशीही येत नव्हतं. गणपत माझ्या अर्धा मैल पुढे होता. त्याच्या दगडानं त्याला थांबवलं, माझ्या दगडानं मला सोडलं, एवढंच झालं. गणपत, तू बस इथे."

 मग सगळे एकदम बोलायला लागले. कोरड्यातला ड्रायव्हर पाण्यात बसवायचा? ह्याला ताप तर नाही ना आला? तो व्यापारी म्हणाला, उस्तादाची आज तबियत ठीक दिसत नाही. बाकीच्यांना ते पटलं. माणूस खरं बोलतो आहे हे मानण्यापेक्षा त्याची तब्येत बिघडली आहे हे मानणं सोपं जातं.

गणपत उठला, पण स्टिअरिंगवर बसला नाही. खाली उतरला. पाण्याच्या काठाला त्यानं एक पांढरा खडा ठेवला, शेजारी उकिडवा बसला आणि बिडी पेटवली. बिडी संपेतो खडा बुडाला. पाणी चढतं आहे, थांबू, म्हणाला. दुसरा खडा ठेवला. असे पाच खडे झाले, आणि गाडीतल्या लोकांनी दोघा ड्रायव्हरांच्या सात पिढ्यांचं तर्पण गाडीत बसल्याबसल्याच करून टाकलं. सहावा खडा मात्र कोरडा राहिला. सातव्याला पाणी हातभर मागे हटलं. तेव्हा गणपतनं धोतर वर खोचलं, संताजीकडून बांबू घेतला आणि एकेक पाऊल चाचपत रपटा पार करून परत आला. गुडघाभर पाणी होतं. डाव्या अंगाची फरशी मधल्या टप्प्यात उखडून गेली होती. बैलगाडी आडवी मावेल एवढं भगदाड. खंडोजी आठ वर्षं नेहमी डावीकडूनच गाडी काढायचा, आपल्या दगडाच्या बाजूनं.

मग गणपत स्टिअरिंगवर बसला. गाडी उजव्या अंगानं, पहिल्या गेअरात, रेस जराही न सोडता, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तशी हळू पलीकडे नेली. खंडोजी मागच्या बाकावर, गणपतच्या जागी बसला होता. पाणी पायरीला लागलेलं त्याला ऐकू आलं. डोळे त्यानं या वेळी उघडे ठेवले.

नेमावरला पोचायला दुपार टळून गेली. घाटावर गर्दी पांगली होती. गणपतनं पाण्यात उभं राहून यमुनेच्या नावानं तिळांजळी सोडली. खंडोजी वरच्या पायरीवर त्याचा सदरा धरून उभा राहिला. गणपत वर आला, अंग पुसू लागला, तेव्हा खंडोजीला राहवलं नाही. म्हणाला, दगडांचं तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, मग बोलला का नाहीस रे? आठ चौमासे घरी बसलास, खाटा विणल्यास, आणि एका शब्दानं बोलला नाहीस?

गणपतनं सदरा घेतला, अंगात घातला, गुंड्या लावल्या.

"मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, हरलेला माणूस कारणं सांगतो," तो म्हणाला. "ते जिंकलेल्यानंच सांगायचं असतं, खंडू. मी वाट बघत होतो. यमुनासुद्धा बघत होती."

 खंडोजीला रडू आलं, आणि त्यानं ते नर्मदेच्या पाण्यानं तोंड धुवायच्या निमित्तानं लपवलं. परतीच्या वाटेवरही गणपतच गाडी चालवत होता. खंडोजीला वाटलं होतं, इतक्या वर्षांची झोप आहे, बसल्याबरोबर लागेल. पण देवास येईपर्यंत तो गणपतच्या मानेकडे बघत बसला. मानेवरचे केस पार पिकले होते. ते कधी पिकले हे त्याला माहीतच नव्हतं.

शेटजीच्या कानावर सगळं गेलं, पण गेलं ते गावच्या तोंडून. खंडोजी रपट्यापाशी घाबरला, हातपाय गाळून बसला, आणि गणपतनं गाडी काढली. पुढच्या चौमासात शेटजीनं गणपतला ठेवलं आणि खंडोजीला घरी बसवलं. रुक्मिणी म्हणाली, बरं झालं, खांद्याला विसावा. जेवणात एक भाकरी कमी झाली, त्याबद्दल ती काही म्हणाली नाही. गावानंही वाक्य नुसतं फिरवून घेतलं. पाण्यात गणपत, कोरड्यात खंडोजी. वजन तेच, चाल तीच. गावाला जुनं विसरायला एक आठवडाही लागला नाही.

आषाढात एकदा खंडोजी स्टँडवरच्या भगवंताच्या हॉटेलात चहा पीत बसला होता. बाहेर धो धो पाऊस. नेमावरची गाडी चिखलानं माखून आत शिरली आणि बाकड्यावरची माणसं उठून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, पाणी असावं तर गणपतच्याच हातात. अडतीसच्या शर्यतीत कसा काय हरला देव जाणे. खंडोजीनं बशी खाली ठेवली. त्यानं पहिल्यापासून सांगितलं. दोन दगड होते, दोन रेघा होत्या, एक वीतभर खाली, आणि त्या दिवशी पाणी मधे होतं. तो आणि मी यांचा खरा सामना कधी झालाच नाही, पण माझ्या पुढे तो होता, अर्धा मैल पुढे होता. सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, डोळे मिटल्याचंही नाही.

लोकांनी ऐकून घेतलं. मग भगवंतानं त्याच्या पेल्यात न मागता आणखी थोडा चहा ओतला.

"राहू द्या भिया," तो मायेनं म्हणाला. "हरलेला माणूस कारणं सांगतोच."